रुग्णशय्येभोवतीचे सहअध्ययन



रुग्णालयात येणारा रुग्ण आपला जीव एकाच्या नव्हे, अनेकांच्या हाती सोपवतो. डॉक्टर निदान करतो, भूलतज्ज्ञ श्वास सांभाळतो, औषधनिर्माता मात्रा तपासतो, परिचारिका रात्रभर जागते. यांतील प्रत्येक जण आपापल्या विद्येत निपुण असला, तरी तेवढ्याने रुग्ण सुरक्षित होतोच असे नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टलचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील रुग्णालयात १९९१ ते १९९५ या काळात हृदयशस्त्रक्रियेनंतर एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असा निष्कर्ष प्रा. इयान केनेडी यांच्या चौकशी अहवालाने २००१ मध्ये काढला. तेथील माणसे निष्ठावान होती. उणीव होती ती परस्परसंवादाची आणि संघभावनेची. एका भूलतज्ज्ञाने धोक्याची जाणीव करून दिली होती; ती वेळीच ऐकली गेली नाही. विविध व्यवसायांच्या लोकांनी एकत्र शिकावे, ही या अहवालाची एक महत्त्वाची शिफारस होती.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-सूची केली. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हा त्यातील एक मुद्दा. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात अशा सूचीची सक्ती झाल्यावर लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. कारणांविषयी मतभेद आहेत. तथापि कागदावर खूण करणे वेगळे आणि सहकाऱ्याला मोकळेपणाने विचारणे वेगळे, एवढे निश्चित. दुसरी गोष्ट हुकुमाने येत नाही. ती शिकावी लागते.

स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाने १९८६ पासून भावी डॉक्टर, परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या सहअध्ययनाचा पाया घातला. १९९६ मध्ये तेथे असा कक्ष सुरू झाला, की जेथे हे विद्यार्थी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांची मिळून शुश्रूषा करू लागले.

भारतात वैद्यकीय शिक्षणासाठी २०१९, संलग्न आरोग्यसेवांसाठी २०२१ आणि परिचर्येसाठी २०२३ असे तीन स्वतंत्र कायदे झाले. नियमनासाठी अशी विभागणी समजण्यासारखी आहे. परंतु रुग्णशय्येपाशी तिच्या भिंती होऊ नयेत. एकाच आवारात वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये असतात, तेथे आठवड्यातून एकदा एकाच रुग्णाविषयी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची चर्चा घडवणे काही खर्चाचे काम नाही. परीक्षेतही ‘कोणते औषध दिलेत?’ याच्या जोडीला ‘कोणाला विचारलेत? कोणाचा इशारा ऐकलात?’ हे प्रश्न यावेत.

‘डॉक्टर, थांबा, मात्रा चुकते आहे,’ असे नवशिक्या परिचारिकेने निर्भयपणे म्हणावे आणि ज्येष्ठ डॉक्टरांनी क्षणभर थांबावे. खरे वैद्यकीय कौशल्य त्या थांबण्यातही असते. त्या क्षणावर कोणाचे तरी लेकरू अवलंबून असते.