अकरावीचे विषय आणि अहिंसेचा विचार



दहावीचा निकाल लागला की घरोघरी शाखेचा प्रश्न उभा राहतो. जैन कुटुंबांत त्यास आणखी एक पदर असे. जीवशास्त्र घेतल्यास बेडूक चिरावा लागेल, या धास्तीने कित्येक गुणी मुलींनी डॉक्टर होण्याची इच्छा मनातच ठेवून वाणिज्य शाखा पत्करली. परंतु २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेच महाविद्यालयांना प्राण्यांचे विच्छेदन थांबविण्यास सांगितले. वैद्यकीय शिक्षणात मानवी शवविच्छेदन आहे खरे; त्यासाठी कोणत्याही जिवाचा वध मात्र होत नाही.

‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात, अकरावीस सोडलेला हा विषय पुढे सहजी भरून निघत नाही. गणितही जोडीला ठेवता येते. दुकानाची गादी दाखविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी मुलीस एवढे विचारावे : नकोसा वाटतो तो विषय, की त्यातील हिंसा?