हिरवं की लाल?

माझे अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. सांगोला, जत, आटपाडी हा त्यांचा मुलूख. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या गाडीत इंजिनाच्या झाकणाशेजारी बसून फिरायचो. चढावर गाडी तापली की अब्बा ती कडेला घेत. कंडक्टरकाका पत्र्याचा डबा घेऊन जवळच्या विहिरीकडे जात. मग इंजिन जरा निवल्यावर अब्बा रेडिएटरमध्ये पाणी ओतत. 'गाडीलाही तहान लागते, बेटा,' असं ते म्हणत. या वाक्याचा माझ्या कवितेला पुढं पुष्कळ उपयोग झाला. माझ्या गाडीला मात्र ते बाधलं.

2018 साली मी एक जुनी, जपानी इंजिनाची मोटार घेतली. बॉनेट उघडलं की कडेला एक पांढरी प्लॅस्टिकची टाकी दिसते. तिच्यात लालसर पाणी होतं आणि ते खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, 'हिरवं देऊ की लाल?' मी विचारलं, 'फरक काय?' तो म्हणाला, 'काही नाही, रंगाचा.' मग माझं नाव आठवून हसत म्हणाला, 'तुम्हाला हिरवंच देतो.' मीही हसलो आणि हिरवी बाटली घेऊन आलो. ती ओतली. पुढं वर्षभर जेव्हा जेव्हा पातळी उतरली, तेव्हा अब्बांना स्मरून अंगणातल्या बोअरचं पाणी घातलं.

2019 च्या मे महिन्यात अम्मीला डोळ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीसाठी मिरजेला न्यायचं होतं. कवठेमहांकाळच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा वर चढू लागला. मी मनात म्हटलं, गाव आलंच आहे, पोहोचू. इथं माझं चुकलं. काटा लाल पट्टीत गेल्यावर गाडी तिथंच थांबवायची असते. मी आणखी तीन-चार किलोमीटर रेटली आणि बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी, दुपारी एकचं ऊन आणि आजूबाजूला एक झाड नाही. अर्ध्या तासानं एस.टी. आली. तिनंच आम्हाला मिरजेला पोहोचवलं. अम्मी वाटेत एवढंच म्हणाली, 'तुझ्या अब्बांची गाडी पोहोचायची.'

गाडी मागून टोचन करून मिरजेला आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं. हेड गॅस्केट गेलं होतं, हेड वाकलं होतं. ते फेस करून आणावं लागलं, रेडिएटर बदलावा लागला, अठरा हजार रुपये गेले. त्यांनी मला जुना रेडिएटर दाखवला. नळ्यांत पांढरट-तपकिरी गाळ घट्ट बसला होता, आपल्या पाणी तापवण्याच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसा. 'सर, यात काय काय घातलंत?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते हात पुसत राहिले.

पुढं मात्र त्यांनी मला बसवून समजावलं, आणि तेच मी आज तुम्हाला सांगतो आहे. जळणाऱ्या इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा या पाण्यातून बाहेर न्यावा लागतो. उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखं दुसरं काही नाही. पण ते शंभर अंशांना उकळतं, गोठतं आणि धातू गंजवतं. म्हणून त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर ते उणे पस्तीसच्याही खालीपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे याचं महत्त्व काश्मीर-लडाखला जाणाऱ्यांनाच. पण उकळण्याचा बिंदूही वर जातो, आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली तो सव्वाशे अंशांच्या पुढं पोहोचतो. सांगोल्याच्या मे महिन्यात याचं मोल कळतं. काही जण नुसतं ग्लायकॉलच ओततात, जास्त चांगलं म्हणून. ते उष्णता पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं, म्हणजे इंजिन उलट जास्त तापतं.

खरा भेद तिसऱ्या घटकात असतो, गंजरोधक रसायनांत. अब्बांच्या काळातल्या ॲम्बॅसेडरचं इंजिन ओतीव लोखंडाचं, विहिरीचं पाणी त्याला चालून जायचं. आता हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. त्याला नेमकं संरक्षण लागतं. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट असतं. ते साधारण दोन वर्षांत संपतं. नव्या, सेंद्रिय आम्लांच्या कूलंटचं आयुष्य पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. यातही घराणी आहेत. युरोपात बऱ्याच ठिकाणी पाणी जड, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं. जपान्यांना सिलिकेटनं वॉटर पंपाचं सील झिजण्याची भीती, म्हणून त्यांनी फॉस्फेट धरलं. आता माझा पराक्रम पाहा. फॉस्फेटच्या कूलंटमध्ये मी सिलिकेटचं कूलंट घातलं आणि वर कॅल्शियमनं भरलेलं बोअरचं पाणी. फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले की खडा होतो. दोन घराण्यांच्या मिश्रणाचा दर वेळी गाळ होतोच असं नाही, पण दीर्घायुषी कूलंटचं आयुष्य नक्की घटतं.

आणि रंग? रंग हा कारखान्यात नंतर मिसळलेला असतो. त्याला कोणताही नियम नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं, दुसरीचं हिरवं अगदी नवं. कुणाचं निळं, कुणाचं गुलाबी. मी कवी माणूस, रंगांवर आयुष्यभर ओळी लिहिल्या. पण बॉनेटखाली रंगाचा उपयोग एकच, गळती कुठून होते ते दिसणं.

म्हणून पाहायचं ते गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. बहुतेक घरांत ते डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली दडलेलं असतं. त्यात कूलंटचा प्रकार किंवा मानक लिहिलेलं असतं. बाटलीवर तेच शोधायचं. भारतीय मानक आय.एस. 5759, जपानी जे.आय.एस. के 2234. काही युरोपीय कंपन्यांचे स्वतःचे क्रमांक असतात. 'सर्व गाड्यांसाठी' असं मोठ्या अक्षरात आणि मानक कुठंच नाही, अशी बाटली मी आता परत ठेवतो. 'प्री-मिक्स' असेल तर तसंच ओतायचं. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर बॅटरीसाठी मिळतं ते डिमिनरलाइज्ड पाणी मिसळायचं. जुनी गाडी घेतली आणि आत काय आहे ठाऊक नाही, तर सगळं काढून, धुऊन नव्यानं भरायचं. वाटेत अडलंच तर साधं पाणीही घाला, इंजिन जाळण्यापेक्षा ते बरं. पण गाडी पूर्ण थंड झाल्यावर. गरम झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि घरी पोहोचल्यावर ते बदला.

कूलंट वारंवार कमी होत असेल तर ते पीत कोण नाही, गळतं आहे कुठंतरी. मी वर्षभर पाणी घालत राहिलो. पंपाचं सील गळतंय हे एकदाही तपासलं नाही.

एक गोष्ट मिस्त्रींनी शेवटी सांगितली. काढलेलं जुनं कूलंट त्यांनी झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, गटारात ओतलं नाही. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्री ते चाटतात, मुलंही सरबत समजून तोंडाला लावतात, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. माझ्या घरी उरलेली अर्धी हिरवी बाटली स्वयंपाकघराच्या दारामागे, नातवाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवलेली होती. त्याच संध्याकाळी फोन करून ती आधी उचलायला लावली.