ताळेबंदात न दिसणारी जमा

(जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त १० ऑक्टोबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले आहे. मानसिक आरोग्यावर बोलण्याचा माझा अधिकार अल्प आहे, याची मला जाणीव आहे. तरीही आज उभा राहिलो, याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या मानसोपचार विभागाचे आठवड्यातून एकदा भरणारे ग्रामीण बाह्यरुग्ण केंद्र बंद करावे, अशी टिप्पणी काही वर्षांपूर्वी मीच मंडळापुढे ठेवली होती.

त्या टिप्पणीतील आकडेमोड बिनचूक होती. शल्यचिकित्सा विभागात शस्त्रक्रिया होते, रुग्ण घरी जातो आणि खाते पूर्ण होते. मानसोपचारात तपासण्या थोड्या, डॉक्टरांचा वेळ मात्र मोठा. वाहनाचा खर्च निराळा, औषधे सवलतीत. तूट दरवर्षी ठरलेली.

निर्णय घेण्यापूर्वी मी स्वतः त्या केंद्रावर जाऊन यावे, असे मंडळाने सुचविले. तेथे एक वृद्ध गृहस्थ आपल्या तरुण मुलाला घेऊन आले होते. मुलाला स्किझोफ्रेनिया होता. पूर्वी ते त्याला शहरात नेत असत. प्रत्येक खेपेस दोघांचे एस.टी. भाडे आणि बुडालेला रोज. मुलाला बरे वाटू लागले तशा खेपा लांबल्या, औषध सुटले आणि काही महिन्यांत आजार उलटला. औषध त्यांच्या आवाक्यातले होते; औषधापर्यंतचा रस्ता आवाक्याबाहेरचा होता. निघताना त्यांनी हात जोडून एकच मागणी केली, "साहेब, केसपेपरवरचा 'मानसोपचार' हा शिक्का तेवढा काढता येईल का? धाकटीचं लग्न जमवायचं आहे."

परत येताना मी मनाशी हिशेब मांडला. त्या घराने सोसलेला खर्च माझ्या कोणत्याही वहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी टिप्पणी मागे घेतली.

हे एका घरापुरते नाही. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. तथापि आपल्या केंद्रावरील अनुभव याहून निराळे सांगत नाही. उपचार गावाजवळ मिळावेत, हा विचार १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात आणि १९९६ च्या जिल्हा कार्यक्रमात होताच. ते न मिळाल्यास काय घडू शकते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण तेथील आगीत मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे आणणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते. त्यांच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता.

मार्ग काढणारी माणसेही आपल्यातच आहेत. डॉ. जगन्नाथ वाणी वैद्यकीय डॉक्टर नव्हते. ते कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारामुळे स्किझोफ्रेनियाशी परिचय झालेल्या या गृहस्थांनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली आणि शुभार्थींच्या कुटुंबीयांना एकत्र बसून बोलण्याची जागा मिळवून दिली. आकड्यांत रमणाऱ्या माणसालाही या कामात स्थान आहे, हा धीर मला त्यांच्या उदाहरणाने दिला.

कुटुंबीयांना तीन गोष्टी आवर्जून सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक आहे. दुसरे, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच हा कायदा सामान्यतः गृहीत धरतो. तेव्हा पोलिसांच्या भयाने उपचारास विलंब करू नये. तिसरे, ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. आणि एक विनंती : बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नका.

देणगीदारांपुढे माझी मागणी स्पष्ट आहे. आम्हाला या कामासाठी नवी इमारत नको. केंद्राचे वाहन, सवलतीची औषधे, गरजूंचे प्रवासभाडे आणि ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णाच्या घरी जाणारी एक समाजसेविका, एवढ्यासाठी कायम निधी हवा आहे. या देणगीचा नामफलक कोठेही लागणार नाही. एखादा मुलगा पुन्हा कामावर जाऊ लागेल, तीच तिची पावती.

त्या वृद्ध गृहस्थांची मागणी आम्ही मान्य केली. आता सर्व विभागांचे केसपेपर वरून एकसारखे असतात. मात्र शिक्का काढणे माझ्या हाती होते, तो काढण्याची गरज का पडावी हा प्रश्न माझ्या हातातला नाही. तो आपल्या सर्वांचा आहे. लग्नाच्या बोलणीत मधुमेहाची गोष्ट जितक्या सहज निघते, तितक्याच सहज ही गोष्टही निघू लागेल, तेव्हाच हे खाते खऱ्या अर्थाने जुळले असे मी समजेन.