दुसऱ्या गाडीचा पिस्टन

औंधहून आम्ही बोलतोय, बचत गटाच्या अकरा जणी. बोलणारी एक असली तरी कागद सगळ्यांनी मिळून लिहिलाय, म्हणून 'आम्ही'. मागच्या खेपेला शेळ्यांच्या विम्याबद्दल सांगितलं होतं. आजचा विषय जुन्या मोटरसायकलीच्या इंजिनाचा. 'हे आपल्याला काय करायचंय' म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्याही बैठकीत पहिल्यांदा सगळ्या हसल्याच होत्या.

झालं असं. आमच्यातल्या एका ताईनं गटाकडं कर्ज मागितलं. कशाला? तर वडिलांची जावा चालू करायला. गाडी 1968 सालची. वडील गेल्यापासून गोठ्याच्या कडेला उभी, वर पेंढ्या टाकलेल्या, सीटखाली कोंबडी अंडी घालायची. भंगारवाला दोनदा येऊन किलोवर भाव करून गेला होता. भाऊ म्हणाले, घेऊन जा नाहीतर देऊन टाकतो. जमिनीच्या वाटणीत ताईनं काही मागितलं नव्हतं, ही गाडी तेवढी मागितली. लहानपणी पौषातल्या यमाईच्या यात्रेला ती वडिलांच्या पुढ्यात टाकीवर बसून यायची. एवढंच कारण. गटात तासभर वाद झाला. म्हैस घ्यायला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, हौसेला का द्यायचं? शेवटी एक आजी म्हणाल्या, लग्नातल्या बँडबाजाला दिलं तेव्हा कुणी हिशेब विचारला होता? मग अठरा हजार मंजूर झाले.

आता जावा म्हणजे काय ते थोडक्यात. 1929 साली प्राग शहरात यानेचेक नावाच्या कारखानदारानं वांडरर या जर्मन कंपनीची मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. यानेचेकचा 'जा', वांडररचा 'वा', झाली जावा. म्हणजे या गाडीचं नावच दोन घरांचं. पुढं 1932 मध्ये त्यांनी स्वस्त गाडी काढली, तिच्यात इंजिन इंग्लंडच्या विलियर्सचं. आपल्याकडं इराणी कुटुंबानं म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961 पासून जावा तिथं बनायला लागली. नंतर तीच गाडी येझदी नावानं निघाली. इराणमधल्या यझ्द गावावरून ते नाव. 1996 ला कारखाना बंद पडला. त्यामुळं आज 1968 च्या गाडीला कंपनीचा असली भाग दुकानात मागायला गेलं तर मिळत नाही. मिळतो तो जुन्या साठ्यातला, येझदीचा, नक्कल केलेला, नाहीतर भलत्याच गाडीचा. आमची सगळी गोष्ट या शेवटच्यात आहे.

पहिल्या गॅरेजवाल्यानं (नाव घेत नाही) इंजिन खोललं. सिलेंडर झिजलेला, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या. तो म्हणाला, जावाचा पिस्टन शोधत बसलात तर दिवाळी होईल, दुसऱ्या गाडीचा आहे, माप तेच, 65 मिलिमीटर, बसवून देतो. पिन जाडीला वेगळी होती, तर बुश घालून बसवली. स्वस्तात काम झालं म्हणून आम्हीही खूश. गाडी चालू झाली, ताईनं पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी पुसेसावळीच्या रस्त्याला कडाड आवाज झाला आणि चाकच अडकलं. क्लच दाबला म्हणून ताई पडली नाही. मागं तिची मुलगी बसली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

कारण समजायला आम्हाला दुसऱ्या मेस्त्रींकडं जावं लागलं. वय झालेले गृहस्थ आहेत, दुकानाला पाटीसुद्धा नाही. त्यांनी तुटका पिस्टन हातात दिला आणि म्हणाले, बघा तुम्हीच.

जावाचं इंजिन दोन ठोक्याचं, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात झडपा नसतात. सिलेंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनच खालीवर होताना त्या उघडतो, झाकतो. म्हणून पिस्टनची नुसती रुंदी जुळून भागत नाही. पिनपासून माथ्यापर्यंत उंची किती, खालची कड कुठं कापलेली आहे, यावर खिडकी कधी उघडणार हे ठरतं. उंची जास्त झाली तर माथा वर हेडला लागतो, कमी झाली तर जोर जातो. आणि सगळ्यात बारीक गोष्ट रिंगेची. टू-स्ट्रोकच्या रिंगेची दोन टोकं जिथं भेटतात तिथं पिस्टनमध्ये मोहरीएवढी खुंटी असते, रिंग फिरू नये म्हणून. ही खुंटी बनवणारा अशा जागी ठेवतो की टोकं खिडकीवर येणार नाहीत. दुसऱ्या गाडीच्या पिस्टनमध्ये खुंटी त्या गाडीच्या खिडक्यांप्रमाणं असते. आमच्या गाडीत ती बरोबर खिडकीसमोर आली. रिंगेचं टोक खिडकीत अडकलं, तुटलं, आणि तुकड्यानं सिलेंडर उभा ओरबाडला.

आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला हे चटकन कळलं. बॉबिन केस दिसायला सगळ्या सारख्या, पण दुसऱ्या मशीनची घातली की दोरा तुटतो, कधी सुईच मोडते. कुकरच्या रबराचंही तेच. जवळपास बसलं म्हणजे बसलं नव्हे.

पण मेस्त्रींनी सरसकट 'दुसऱ्याचं काही लावू नका' असं म्हटलं नाही, आणि ते आम्हाला आवडलं. बेअरिंग घ्या म्हणाले. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. 6204 लिहिलं असेल तर आतलं भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा घेर 47, जाडी 14, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. ते पंपाच्या मोटारीत चालतं तसं गाडीतही चालतं, फक्त पुढं सी-3 सारखी खूण असेल तर तीही जुळवायची. ऑइल सीलवरही आतलं, बाहेरचं, जाडी अशी तीन मापं असतात. चेनला नंबर असतो. ज्याला नंबर आहे त्याला गोत्र विचारायचं नाही. स्पार्क प्लगला मात्र आट्यांची लांबी बघायची, कारण आखूड हेडात लांब प्लग बसवला तर तो आत पिस्टनला ठोकतो.

कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा बसतो, बरेच लोक बसवतात, पण आतले जेट बदलून जुळवावे लागतात. पेट्रोल कमी पडलं तर टू-स्ट्रोक इंजिन तापून धरतं. आमचा जुनाच साफ करून चालला. वायरिंग 6 व्होल्टचं 12 करायचं तर बल्ब, हॉर्न, कॉइल सगळं एकदम बदलायचं. अर्धं जुनं, अर्धं नवं केलं तर पहिल्या रात्रीच दिवे जातात. आणि पिस्टन, क्रँक, गिअर या तिघांत तडजोड नाही. येझदीचे घेता येतात, कारण कूळ एक आहे, तरी मॉडेल वेगळं असतं, म्हणून जुना भाग पिशवीत घालून दुकानात न्यायचा आणि शेजारी शेजारी ठेवून मोजायचा.

पिस्टन शेवटी पुण्याहून मिळाला. तिथं या गाड्यांचे शौकीन पुष्कळ आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर मेळावे भरवतात म्हणे. सिलेंडर ओरबाडला होता म्हणून मोठ्या मापाचा घ्यावा लागला, 65.50 चा. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: आधी पिस्टन हातात घ्यायचा, मग लेथवाल्याकडं त्या पिस्टनच्या मापानं सिलेंडर बोअर करायचा. उलट केलं आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही तर सिलेंडर वाया.

आता कागदांचं. हे आम्हाला इंजिनापेक्षा जड गेलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं आणखी एक सल्ला दिला होता: भंगारातलं येझदीचं अख्खं इंजिन घाला, निम्म्यात काम होईल. ताई जवळजवळ हो म्हणाली होती. पण इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. ती बदलली की आरसी बुकातला नंबर आणि गाडीचा नंबर वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, केल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीवर नोंद घ्यावी लागते. भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस पाटलांपासून सगळ्यांना उत्तर देत बसा. शिवाय 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार, पण गाडी मूळ रूपात लागते, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. ताईला बाजाराला जायचं होतं, म्हणून तिनं नेहमीच्याच नोंदणीचं नूतनीकरण केलं. ते दर पाच वर्षांनी करावं लागतं.

आरसी अजून वडिलांच्या नावावर होती. मालक वारला तर 30 दिवसांत कार्यालयाला कळवायचं, तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायचं. आपल्याकडं कोण करतं? ताईला उशिराचा दंड पडला आणि दोन्ही भावांच्या संमतीच्या सह्या लागल्या. एकानं लगेच दिली. दुसरा, भंगारात द्यायला निघालेला, गाडी चालू झाल्याचं ऐकून म्हणाला, वडिलांची आठवण आहे, बघू. तो चार महिने बघत होता. शेवटी आम्ही सहा जणी चहाला म्हणून त्याच्या घरी गेलो. काय बोललो ते रेडिओवर सांगत नाही. सही झाली.

खर्च अठराचा पंचवीस झाला. वरचे सात ताईनं म्हशीच्या दुधातून घातले. त्यातले साडेचार हजार तर नुसते त्या पहिल्या पिस्टनचे आणि त्यानं केलेल्या नुकसानीचे. गटाचे नऊ हप्ते फिटलेत, तीन राहिलेत.

गाडीला किक आणि गिअर एकाच दांडीवर आहेत, किक मारून झाली की तीच दांडी पुढं वळवून गिअरला वापरायची. मुलीला ते जमायला आठवडा लागला. दर लिटरला 40 मिली तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं काम तिचंच, मापाला दिव्याच्या तेलाची जुनी बाटली ठेवलीय. तुटका पिस्टन गटाच्या पेटीत आहे, बैठकीत वहीची पानं उडू नयेत म्हणून वर ठेवतो. कुणाला बघायचा असेल तर दर महिन्याच्या दहा तारखेला दुपारी या. खुंटी कुठं आहे ते दाखवू.