टीव्ही घ्यायचाय? आधी टेप, मग हिशोब



दिवाळी जवळ आली की गटात अर्ज येतो, ‘टीव्हीसाठी कर्ज हवंय.’ घ्या की! पण दुकानात जायच्या आधी घरात टेप लावा. बसायची जागा टीव्हीपासून चार-पाच फुटांवर असेल, तर ३२ इंची पुरतो. हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं असतं.

दुकानात स्टारचं लेबल बघा. एकाच मापाच्या टीव्हींत स्टार जास्त, तर वीज कमी. दुरुस्तीला माणूस गावात येतो का, तेही विचारा.

आता हप्ता. समजा १२,००० रुपये, १२ महिने, महिना एक टक्का व्याज. गटात दरमहा हजार फेडलेत आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लागलं, तर वर्षाचं व्याज होतं ७८० रुपये. दुकानात तोच दर ‘फ्लॅट’ असेल, तर १,४४०! फाईलचे पैसे वेगळेच.

म्हणून बायांनो, हप्ता किती हे विचारू नका. ‘शेवटपर्यंत एकूण किती भरायचे?’ हे विचारा, कागदावर लिहून घ्या. मगच सही करा.