सांदवाडीतल्या बदकांचं पाणी

बदक म्हटलं की तळं पाहिजे, असं वाटून गटातल्या पुष्कळ बाया मागं सरतात. खरंच, आपल्या अमरावती-अकोल्याकडे माणसांच्या पाण्याचीच ओढाताण, तिथं बदकाला पोहायला कुठून आणायचं? पण अंडी देण्यासाठी पोहणं लागत नाही. लागतं ते डोकं बुडेल एवढं पाणी. डोळे आणि नाकपुड्या बदक त्यातच धुते. पाच-सहा इंच खोल घमेलं पुरतं, पण पाणी रोज बदलायचं.

पोहायला द्यायचंच तर तीन फूट लांब, दोन फूट रुंद टाक्यात अर्धा फूट पाणी ठेवू. ते होतं सुमारे ८५ लिटर, म्हणजे पाच-सहा गुंड. आत विटांची पायरी रचायची. कोंबडीखाली उबवलेली लहान पिलं मात्र टाक्यात सोडायची नाहीत. त्यांची लव भिजते, ती गारठतात, बुडतातही.

दोन-तीन दिवसांनी टाकं उपसलं की ते पाणी वांग्याला, लिंबाला. खतच ते! कोथिंबिरीला नको, ती आपण कच्ची खातो. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांनी बोअरचं खारं पाणी टाक्यात भरू नये, कारण बदक पोहते तेच पिते. तिथं घमेल्यावरच भागवावं, तेही गोड्या पाण्याच्या.

उन्हाळ्यात वर पऱ्हाटीचा मांडव घालू. कुजक्या, साचल्या पाण्यानं बदकांची मान लुळी पडते अन् ती दगावतात. आणि खुराड्यात रात्री खाद्य ठेवलं तर पाणीही ठेवायचं. कोरडा भरडा त्यांच्या घशात अडकतो.