घंटा आणि तिची टांगणी
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवाला घंटा वाहणारे भाविक पुष्कळ. ती टांगायची कशी, याचा विचार करणारे थोडे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. ही वसई १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तिथल्या चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर, त्यांतली एक आहे. तिच्यावर १७०७ साल आहे. वजन शेकडो किलो, म्हणून तिला स्वतंत्र दगडी इमारत आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटाही दर्शनी तटावर, गोदावरीकडे तोंड करून टांगलेली आहे.

चर्चच्या मनोऱ्यात बहुधा घंटाच झुलते. देवळात घंटा स्थिर, लोलक हलतो. हिसका कमी, पण ओझे रात्रंदिवस. म्हणून वाळवी लागलेल्या तुळईवर भरवसा ठेवू नये. जुन्या कोरीव खांबाला भोक पाडू नये. भार पेलेल की नाही, हे जाणत्या माणसाकडून आधी पाहून घ्यावे. घंटा भिंतीला वा खांबाला टेकू नये. टेकली की नाद मरतो. कडी घासून झिजते; ती दरवर्षी यात्रेपूर्वी तपासावी. घंटेखाली लेकरेच जास्त उभी राहतात.

घंटेच्या देणगीत तुळई व कडी यांचाही खर्च धरावा. दात्याचे नाव घंटेवर कोरले जाते, तुळईवर नाही. पण घंटा धरून ठेवते ती तुळईच.

जय हरी!